सांध्यांच्या दुखण्याने आता मनच उतरलंय, कोणी यातून गेलंय का?

माडाखालची

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितेच. मी मालवण तालुक्यातली, किनाऱ्याजवळ आमचं छोटंसं होमस्टे आहे, आणि जेवणखाण मी स्वतः बघते, म्हणजे बघायचे. गेल्या वर्षी पावसात वाडीत चिकनगुनिया आला, आमच्या घरात तिघांना झाला. नवरा आणि मुलगा पंधरवड्यात उठून कामाला लागले, माझा ताप गेला पण सांधे काही सुटले नाहीत. मनगटं, बोटं, घोटे. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, दहा वाजेपर्यंत कसेबसे हात सुटतात आणि संध्याकाळी परत तेच. नारळ खवायला खवणीवर बसले तर उठवायला कोणीतरी लागतं. घावणे काढायला घेतले तर चार-पाच झाले की उलथणं हातातून गळतं. मे महिन्यात घर भरलेलं होतं आणि पाहुणे विचारत होते, वहिनी आज तुमच्या हातचं नाही का, मी हसून वेळ मारून नेली आणि मागच्या पडवीत जाऊन रडले.

आता पाऊस लागलाय, गिऱ्हाईक नाही, काम नाही, तर वाटलं होतं आराम मिळेल, उलट जास्तच बिघडलंय. कशातच रस नाही. पहाटे चारला जाग येते ती येतेच, मग डोक्यात चक्र सुरू, सीझनला काय करणार, कर्जाचा हप्ता, आपण घरावर ओझं झालो वगैरे. जेवण जात नाही. बहिणीचा फोन आला तरी उचलावासा वाटत नाही. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट ठीक आहेत, मनावर घेऊ नका, आणि परत तीच पेनकिलर लिहून देतात. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालं. सासूबाईंचं आता म्हणणं की कौल लावून बघू, बाहेरचं काही आहे का. नवऱ्याला एकदा म्हटलं, मनाच्या डॉक्टरकडे जाऊया का, तर म्हणाला, रत्नागिरीला नेऊ की काय तुला. चेष्टेतच म्हणाला, माणूस वाईट नाही, पण मी परत विषय काढला नाही.

खरं सांगायचं तर कधीकधी वाटतं रात्री झोपले ती उठूच नये. करणार काही नाही, मुलगा दहावीला आहे माझा, पण वाटतं. विचारायचं हे की दुखणं थांबलं की मन आपोआप ताळ्यावर येतं का? की मनासाठी वेगळं औषध घ्यावंच लागतं? आणि दुखणं थांबलंच नाही तर?

सागरी_वारे

ताई टेन्शन घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा, सगळं मनाचे खेळ आहेत. सकाळी प्राणायाम करा. आणि कणकवलीच्या पुढे एक जण सांधेदुखीवर पुडी देतात, रामबाण, तीन दिवसांत फरक, माझ्या ओळखीतले पाच-सहा जण पळायला लागले. पत्ता हवा असेल तर मेसेज करा.

आडाळ्यावरची

गो बाय, माका तुझा वाचून पोटात कसातरीच झाला. पण पयला ह्या वरच्या पुडयेवाल्याक बघतंय.

असली पुडी माझ्या जावेन घेतलेली. तिसऱ्या दिवसाक भराभर चलाक लागली, सगळी म्हणाक लागली देव पावलो. मगे तोंड सुजून गोल झाला, साखर वाढली, आणि पुडी संपली तेव्हा अंथरुणातसून उठाक येयना. डॉक्टरान सांगल्यान पुडयेत स्टिरॉइड असतला. तर बाबानू, पत्ते वाटू नकात.

आता सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते. मला आमवात आहे, रुमॅटॉइड म्हणतात तो, खूप वर्षं झाली, त्यामुळे सकाळी मूठ न वळणं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. चिकनगुनियानंतर सांधे काही जणांचे महिनोन्‌महिने, अगदी वर्ष-दोन वर्षंही धरतात, तू एकटी नाहीस आणि तू नाटक करत नाहीस. पण इतके महिने झाल्यावर नुसत्या पेनकिलरवर राहू नको. संधिवाताचे वेगळे डॉक्टर असतात, रुमॅटॉलॉजिस्ट, आपल्याकडची माणसं कोल्हापूरला नाहीतर गोव्याला जातात, तिकडे एकदा दाखव. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवात ओळखायच्या रक्ततपासण्या झाल्यात का बघ, कारण चिकनगुनियानंतरचं दुखणं आणि आमवात वरून सारखेच दिसतात, औषधाचा रस्ता मात्र ठरवावा लागतो. आणि डॉक्टरांनी पुढेमागे मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी लिहून दिली तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. रोजची समजून घेतात लोक आणि जिवावर बेततं. माझ्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल आहे, घरातलं शेंबडं पोरसुद्धा विचारतं आजी आज गोळीचा वार ना.

आता स्वयंपाकघराचं. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, आणि खवणीवर खाली बसायचं बंद. अजिबात नाही. ओट्याला घट्ट बसणारी, दांडा फिरवायची खवणी मिळते ती घे, नाहीतर नारळ फोडून तुकडे मिक्सरला लाव, सोलकढीत कोणाला कळत नाही, मी सांगते. उलथण्याच्या आणि सुरीच्या मुठीवर जुन्या सुती साडीची पट्टी जाड गुंडाळून बांध, मूठ जाड झाली की बोटांना कमी आवळावं लागतं, इतका फरक पडतो की आधी का नाही केलं असं होतं. सकाळी उठल्या उठल्या टोपात कोमट पाणी घेऊन हात बुडव आणि पाण्यातच मूठ उघडमीट कर, दुखेल, पण हळूहळू कर. घाईने काहीच नको.

सासूबाईंना कौल लावायला जायचं तर जाऊ दे गं. त्याने काही बिघडत नाही, त्यांनाही काहीतरी केल्याचं समाधान. फक्त तिथे कोणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर ऐकायचं नाही, तेवढं ठरवून टाक.

वाशीची_गाडी

ताई मी देवगडचा, आयुष्यभर आंब्याच्या पेट्या वाशी मार्केटला नेल्या, सीझनमध्ये रात्री गाडी काढायची, घाट चढायचे उतरायचे, पहाटे मार्केटला उभं राहायचं आणि दुपारी परत, आणि मग एक दिवस कमरेत चमक आली ती उजव्या पायात उतरली, एमआरआयमध्ये गादी सरकली निघाली, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन सक्सेस, आणि ते खरंच होतं पण दुखणं मात्र राहिलं ते राहिलंच. मग मी डॉक्टर बदलत गेलो, प्रत्येक जण म्हणणार फोटोत काही नाही, आता जे दिसत नाही ते दाखवायचं कसं सांगा.

माझं रडणं वगैरे नव्हतं, माझं खेकसणं होतं. भाजीत मीठ कमी, खेकसलो, टीव्हीचा आवाज मोठा, खेकसलो, नातवंडं जवळ यायची बंद झाली. बाप्यांचं बहुतेक असंच असतं, आपण म्हणतो डोकं तापट आहे, पण ते डिप्रेशनच. मला ते एका फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, माझ्या नातीएवढी असेल, व्यायाम शिकवता शिकवता सहज विचारलं काका तुम्हाला शेवटचं कशात बरं वाटलं होतं, आणि मला आठवेना.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवाने देतो, दुखणं थांबायची वाट बघत बसू नका, दोन्हीचा इलाज बरोबरच करायचा. मनोविकारतज्ज्ञांनी मला जे समजावलं ते असं की सुरुवातीला दुखणं म्हणजे शरीराने दिलेला इशारा असतो, पण तीन महिन्यांच्या वर गेलं की पुष्कळदा तो इशारा आपला आपण चालू राहतो, गाडीचा हॉर्न अडकला की कोणी दाबत नसताना बोंबलत राहतो ना, तसं. आणि मेंदूकडून खाली मणक्यात दुखणं दाबून धरणाऱ्या वाटा असतात, त्या चालतात सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर, मूडशी ज्यांचा संबंध तीच ही. म्हणजे मन उतरलं, झोप गेली की दुखणं वाढतं आणि दुखणं वाढलं की मन आणखी उतरतं. म्हणूनच डिप्रेशनच्या काही गोळ्या दुखण्यावर पण देतात, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी केमिस्टच्या काउंटरवर चिठ्ठी लपवून धरली नसती.

मला ड्युलोक्सेटिन दिली. पहिला आठवडा मळमळ, तोंडाला कोरड, घाम, वाटलं सोडून द्यावी. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं म्हणून टिकलो. महिनाभराने बायको म्हणाली तुम्ही परवा गुणगुणत होतात, मला पत्ता नाही. दुखणं गेलं का, तर नाही, दहात आठ होतं ते पाच-सहावर आलं, पाऊस लागला की परत सात. पण आठात मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचो आणि पाचात बागेत जातो, एवढा फरक. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही हे मात्र लक्षात ठेवा, चक्कर, बेचैनी, सगळं येतं, डॉक्टर हळूहळू उतरवतात.

आणि दुसरी गोष्ट जी गोळीइतकीच कामाला आली ती म्हणजे घड्याळ. आपण काय करतो, बरा दिवस आला की राहिलेलं सगळं एका दिवसात उरकायला बघतो आणि मग तीन दिवस आडवे. मी आता कलमांच्या बुडाशी आळी करायला गेलो तरी मोबाईलला वीस मिनिटांचा अलार्म लावतो, वाजला की बसायचं, दुखत असो नसो. दुखत नसताना थांबायचं हे सगळ्यात कठीण, गडी हसतात, हसू देत. काही आठवड्यांनी दोन-तीन मिनिटं वाढवायची. वाईट दिवशीसुद्धा थोडं का होईना करायचं, पूर्ण आडवं पडायचं नाही, कारण पडून राहिलं की अंग आणखी आखडतं.

शेवटचं म्हणजे तुमचं ते 'वहिनी तुमच्या हातचं' वाचून थांबलो जरा. मी म्हणजे गाडी, गाडी म्हणजे मी, असं होतं माझं. आता गाडी मुलगा चालवतो, मी पेट्या मोजतो आणि हिशोब बघतो. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं, मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वाटू दे, एखादं माणूस गेल्यावर वाटतं तसंच ते आहे, ते उगाच हसून दाबू नका.

सिस्टर_इन_चार्ज

मी सिंधुदुर्गातच नर्स आहे. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय (पुडी सोडून), पण माडाखालची ताई, तुमचं शेवटचं वाक्य कोणी उचललं नाही म्हणून मी उचलते. 'झोपले ती उठूच नये' हे वाटणं म्हणजे तुम्ही वाईट आई आहात असं नाही, दुखणं आणि डिप्रेशन एकत्र आलं की हे पुष्कळ जणांना वाटतं. पण हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगायचं, गिळायचं नाही. आज एक करा, घरातल्या एका माणसाला हे सांगा, बहिणीला सांगा, तिचाच फोन उचला. आणि कधी हा विचार नुसत्या वाटण्याच्या पुढे गेला, कसं करायचं असं डोक्यात यायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, घरातल्यांना उठवायचं आणि जवळच्या रुग्णालयात यायचं. रात्रीबेरात्री बोलावंसं वाटलं तर 14416 लावा, टेलि-मानस, सरकारची सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात. पहाटे चारला पण उचलतात, तुमची तीच वेळ अवघड दिसते. तुम्ही आत्ता कशा आहात ते इथे लिहा, प्लीज.

आता रत्नागिरीचं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि आपल्या कोकणात रत्नागिरी, म्हणून आपल्याकडे चेष्टेत कायम तेच नाव. पण तुमच्यासारख्या पेशंटला कोणी कुठे भरती करत नाही हो. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्याला ओरोसला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकारांची ओपीडी असते, केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचं, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या जेवणाला घरी. वार आधी फोन करून विचारून घ्या. तिथे बहुतेक पीएचक्यू-9 नावाचा नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतात, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, रस वाटतो का, असं. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो, तो खरा भरा, लोक तिथे हमखास 'नाही' लिहितात.

दुसरं म्हणजे रक्ताच्या तपासण्यांमध्ये थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 आणि डी व्हिटॅमिन झालंय का बघा. आपल्या वयाच्या बायकांमध्ये यातलं एखादं पुष्कळदा बिघडलेलं असतं आणि अंग दुखणं, थकवा, मन न लागणं या सगळ्याला ते हातभार लावतं. पाळीचं चक्र बदलत असेल तर तेही सांगा, लाजू नका.

आणि पेनकिलर. रोज महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅक वगैरे घेत असाल तर पोट, किडनी, बीपी तिन्ही तपासून घ्या. वाशीच्या गाडीवाल्या काकांनी सांगितलेली गोळी तुम्हाला दिली तर आधीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाच, अशा गोळीबरोबर या पेनकिलरने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रॅमाडॉल ही जास्त जोराची पेनकिलर चालू असेल तर ती आणि ही बरोबर बरीच धोक्याची ठरू शकतात. रिकामी पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा, नावं पाठ करायची गरज नाही. काहींना झोपेसाठी आणि दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन अगदी कमी, 10 मिलिग्रॅम देतात, तो डोस दुखण्याचा, डिप्रेशनचा डोस वेगळा. त्यामुळे शेजारणीला जी चालली तीच मला द्या, असं करू नका.

सागरी_वारे

मी चांगल्या हेतूनेच सांगितलं होतं. पुडीत स्टिरॉइड असतं हे कशावरून?

सिस्टर_इन_चार्ज

पुडीवर छापील नाव नाही, घटक नाहीत, आणि तीन दिवसांत सुजलेला सांधा उतरतो, यावरून. हेतूवर शंका नाही. पण मनाचे खेळ म्हणू नका, पेशंट ते ऐकून यायचेच बंद होतात.

माडाखालची

एवढं सगळ्यांनी लिहिलंत, मी दोनदा वाचलं. सिस्टर, मी ठीक आहे, काल बहिणीला फोन केला, तिला सांगितलं ते वाक्य. ती रडली, मग मी पण, मग तिने सांगितलं ती शनिवारी येतेय आणि तीच मला ओरोसला घेऊन जाणार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. काही बोलला नाही, पण सकाळी टोपात कोमट पाणी आणून ठेवलं होतं. बघू.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का, सवय लागते का? दोन, ऑक्टोबरपासून परत पाहुणे सुरू होतील, दिवाळीच्या सुट्टीत तर भरलेलं असतं. घड्याळ लावून वीस मिनिटं काम आणि मग बसायचं हे पंधरा माणसांच्या जेवणाला कसं जमवू? पाहुणे टेबलावर बसलेले असताना?

सिस्टर_इन_चार्ज

बरं वाटलं वाचून. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी लागत नाही. साधारणपणे बरं वाटायला लागल्यावर सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात, दुखणं चालूच असेल तर कधी जास्त काळ लागतो. मात्र बरं वाटलं म्हणून मधेच सोडणारे खूप, तुम्ही त्यात जाऊ नका. आणि गोळीसोबत बोलणं, समुपदेशन, पण मागा. नुसत्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून जास्त उपयोग होतो.

वाशीची_गाडी

पंधरा माणसांच्या जेवणाला अलार्म नाही लावता येत ताई, खरं आहे. मग काम तोडायचं. वाटण आदल्या दिवशी, तेही दोन खेपेत. मासे कोळणीकडूनच साफ करून, तुकड्या पाडून घ्यायचे, चार पैसे जास्त घेईल, घेऊ दे. आणि पाहुणे गेल्यानंतरचा दुसरा दिवस मोकळा ठेवा, बुकिंगच घेऊ नका त्या दिवशी. मला हे पटायला फार वेळ लागला कारण रिकामी गाडी उभी बघवत नाही आपल्याला, पण सलग चालवून आठवडाभर पडून राहण्यापेक्षा परवडतं.

आडाळ्यावरची

सगळा एकट्यान करूचा ह्या कोणी सांगल्यान तुका? वाडीतल्या दोघींना कामाला घे. एक लाटायला-भाजायला, एक चिरायला-वाटायला. तू उंच स्टुलावर बसून मसाला आणि मीठ बघ, कालवणाची चव हातात नसते, जिभेत असते. घावणे मेनूतून काढ, त्याऐवजी शिरवाळे नको ते तर आणखी जड, आंबोळ्या ठेव, तव्यावर पीठ घातलं की झाकण ठेवायचं आणि सोडायचं, तेही ती दुसरी करेल. थाळीचे दर थोडे वाढव, बाईचा रोज त्यातून निघतो, मुंबईची माणसं काही म्हणत नाहीत. आणि माणसं आत्ताच सांगून ठेव हां, गणपती झाले की सगळी होमस्टेवाली बायका शोधत फिरतात आणि थर्टीफर्स्टला तर दुप्पट रोज देऊन पण कोणी गावत नाय.